‘मॅडम, पोरगीला नुसतं खेळवताय का?’

मुलाच्या समुपदेशनाच्या दोन-तीन भेटी झाल्या की पालकांकडून हमखास येणारा हा प्रश्न. मूल खोलीतून हसत बाहेर येतं, ‘काय केलंस?’ म्हटलं की ‘खेळलो’ म्हणतं. कामावरून रजा काढून, फी भरून आलेल्या आईवडिलांना वाटतं, चार शब्द समजावून सांगायचे सोडून हे खेळत काय बसलेत? शंका रास्त आहे आणि तिला नीट उत्तर द्यायला हवं. म्हणून सांगलीतल्याच एका मुलीची हकिकत सांगते. घरच्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

सहावीतली मुलगी. घर नदीकाठच्या, दर मोठ्या पुरात पाण्याखाली जाणाऱ्या भागात. जून लागला की तिची झोप उडायची. ‘आयर्विनला किती फूट?’, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं, हे पावसाळ्यात अख्खी सांगली विचारते, भाजी घेताना विचारते, रिक्षात बसताना विचारते. पण ही पाणी १५ फुटांवर असतानाही तासातासाला विचारायची. रात्री उठून दप्तर भरायची. आई सकाळी बघते तर वह्यांच्या खाली कपड्यांचा एक जोड आणि आज्जीच्या बीपीच्या गोळ्या. शाळेत पावसाची सर जोरात आली की पोटात दुखायचं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. मग घटक चाचणीत गुण घसरले आणि दोघं तिला घेऊन आले.

वडिलांचं म्हणणं सरळ होतं. “हिला जरा समजावून सांगा की. ४० फुटाला इशारा असतोय, ४५ ला धोका. त्याच्या आत काय होत नाही. शंभरदा सांगून झालंय माझं.”

आणि पोरीला हे सगळं तोंडपाठ होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, २०२१ च्या जुलैत पुन्हा ५० च्या वर चढलं, कोयनेतून विसर्ग वाढला की इकडे काय होतं, वारणेचं पाणी हरिपूरला कृष्णेत कसं येतं, सगळं तिनं मलाच सांगितलं. माहिती तिच्याकडे माझ्याहून जास्त होती. ‘घाबरू नकोस’ हेही तिनं चिक्कार ऐकलं होतं. त्यामुळे समजावण्याच्या वाटेनं जायचं नाही हे पहिल्याच भेटीत ठरलं.

खेळ म्हटलं की सापशिडी आठवते. आपल्याकडे तिचं जुनं रूप मोक्षपट. परंपरा ते ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप, कवड्यांचं दान. मुलांना काही सांगण्यासाठी खेळ वापरणं आपल्याला नवं नाही, हे त्यावरून कळतं. पण या मुलीसाठी ती मला नको होती. सापशिडीत खेळणाऱ्याला ठरवायला काहीच नसतं, दान पडेल तिकडे जायचं. जिची भीतीच ‘आपल्या हातात काही नाही’ अशी आहे, तिला पुन्हा दानाच्या स्वाधीन का करायचं?

म्हणून कार्डशीटवर एक पट आखला. एका कडेला नदीची पट्टी, ३० फुटांपासून ६० पर्यंत. मध्ये घरं, गल्ली, शाळा, विश्रामबागकडे जाणारा रस्ता, पाहुण्यांचं घर. फासा टाकायचा तो फक्त पाण्यासाठी: १ किंवा २ पडले तर पाणी एक फूट वर, ३ किंवा ४ ला दोन फूट, त्याहून मोठ्या दानाला तीन. बाकी सगळं खेळणाऱ्यानं ठरवायचं. प्रत्येक डावाला दोनच कामं करता येतात: कागदपत्रं वर ठेवायची की गॅस बंद करून सिलिंडर बांधायचा, म्हैस हलवायची की शेजारच्या म्हाताऱ्या मावशींना हाक मारायची, की सरळ निघायचं. ४५ च्या पुढे घरात राहिलेल्याला बोट येईपर्यंत थांबावं लागतं. माणसांसाठी बटणं घेतली, सामानासाठी चिंचोके.

कार्डं तिनंच लिहिली. मी ‘औषधं’ लिहायला निघाले होते, तिनं खोडून ‘आज्जीच्या गोळ्या, १५ दिवसांच्या’ असं केलं. मांजरासाठी वेगळं कार्ड हवंच म्हणाली. ‘टीव्ही’ मात्र फाडून टाकलं.

खेळ सुरू झाल्यावर एक गोष्ट दिसायला लागली. सामान ती झपाझप हलवायची, एकही काम वाया घालवायची नाही. आज्जी निघायची, आई निघायची, मांजरसुद्धा. तिचं स्वतःचं लाल बटण मात्र दारातच. पाणी ४२, ४४, ४७, आणि ती बोटीची वाट बघत अडकलेली. दर वेळी असंच.

‘तुला भीती कशाची वाटते?’ असं विचारलं असतं तर ‘पुराची’ हे ठरलेलं उत्तर मिळालं असतं. मी बटणाकडे बोट दाखवून विचारलं, “ही अजून का थांबलीय?”

“पप्पा आले नाहीत अजून.”

मग एकेक निघालं. २०२१ मध्ये ती दुसरीत होती. वडिलांनी बायको, आई आणि पोरीला विश्रामबागला पाहुण्यांकडे पोचवलं आणि स्वतः सामान राखायला परत जाऊन वरच्या मजल्यावर राहिले. वीज गेलेली, मोबाईल बंद पडला. दोन दिवस काही कळेना. मोठी माणसं स्वयंपाकघरात दबक्या आवाजात बोलायची आणि ही आत आली की गप्प व्हायची. तिसऱ्या दिवशी वडील बोटीतून सुखरूप आले. घरच्यांच्या लेखी विषय तिथंच संपला. हिच्या लेखी तो दर जूनला नव्यानं सुरू होत होता. पाण्याची भीती तिला होती ती त्या पाण्यात वडील मागं राहतील म्हणून.

नेमकं याच सुमारास वडिलांनी शीर्षकातला प्रश्न विचारला. मी त्यांना म्हटलं, तुम्हीही एक डाव खेळा.

ते आधी कसनुसे हसले, मग बसले, आणि अगदी खऱ्यासारखे खेळले. निळं बटण घरातच. पाणी ४० वर आलं.

“पप्पा, ४० झालं. चला.”

“थांब गं, अजून वेळ हाय.”

फासा पडला पाच. ४३. त्यांनी चिंचोके वरच्या मजल्यावर नेले. पुढचं दान पुन्हा मोठं, ४६. मुलीचं बटण पाहुण्यांच्या घरी पोचलं होतं. तिनं ते उचललं आणि मुकाट्यानं परत वडिलांच्या दारात आणून ठेवलं.

“तू कशाला आलीस माघारी?”

“तुम्हाला न्यायला.”

वडिलांनी बराच वेळ फासा उचलला नाही. नंतर आम्ही तिघं बोललो, आणि खरं काम त्या बोलण्यात झालं. सामान गेलं तर पुन्हा उभं राहायला किती वर्षं लागतात, २०१९ नंतर हप्ते फेडताना काय हाल झाले, चोरीची भीती कशी असते, हे त्यांनी पहिल्यांदा पोरीला मोठ्या माणसासारखं सांगितलं. तिनं ऐकलं. आणि तिनं त्या दोन दिवसांत काय काय वाटलं ते सांगितलं, तेव्हा त्यांनी ऐकलं. शेवटी एक कागद झाला: ३५ फुटाला किमती सामान वर, ४० ला सगळ्यांनी एकदम घर सोडायचं, पप्पांसकट. पॉवर बँक भरलेली. चुकामूक झाली तर कुठं भेटायचं ते ठरलेलं.

हे समजावून सांगून झालं नसतं का? मला नाही वाटत. बोलण्यात माणूस आपली बाजू मांडतो. खेळात तो प्रत्यक्षात वागतो तसा वागून जातो, आणि ते सगळ्यांना पटावर दिसतं. चूक झाली तर बटण बुडतं, माणूस नाही. पुन्हा डाव मांडता येतो, वेगळं करून बघता येतं. प्रशियाच्या सैन्यानं १८२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी पटावरचा युद्धखेळ स्वीकारला तो याच कारणासाठी. वैमानिक आजही सिम्युलेटरवर बिघाड झेलायला शिकतात. पावसाळ्याच्या तोंडावर बोटी उतरवून आपत्ती व्यवस्थापनाची रंगीत तालीम होते, तीही याच जातीची. मुलांना आपत्तीविषयी सजग करण्यासाठी युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्रांनी मिळून ‘रिस्कलँड’ नावाचा पटखेळ काढलेला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंही खेळातून शिकण्याला जागा दिली आहे. तेव्हा खेळ म्हणजे अभ्यासातली सुट्टी, ही समजूत आता सोडायला हवी असं मी पालकांना आग्रहानं सांगते.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग मोबाईलवर खेळतो तेही शिकणंच का? सगळंच नाही. त्या खेळात मुलाला काही ठरवावं लागतं का, की नुसतं बोट आपटायचं असतं, हे शेजारी बसून बघा. खेळ संपल्यावर त्याला त्याविषयी सांगावंसं वाटतं का, हेही बघा. पैसे लावायचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदच केले आहेत, त्यावर चर्चा नको. खेळावरचा ताबा सुटला, झोप, शाळा, मित्र सगळं मागं पडलं आणि नुकसान दिसूनही थांबता येत नाही असं बराच काळ चाललं असेल, तर मात्र तज्ज्ञांना दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत हा आजार म्हणून नोंदलेला आहे. निदानासाठी साधारण १२ महिन्यांचा काळ धरतात, लक्षणं तीव्र असतील तर त्याआधीही. आठवड्यातून चार दिवस तासभर खेळणाऱ्या मुलावर हा शिक्का मारू नका.

मुलगी आता बरी आहे. भीती पूर्ण गेलेली नाही. संततधार लागली की फूट विचारतेच, पण एकदा विचारून अभ्यासाला बसते. पोटदुखी थांबली. यंदा कागदपत्रांची पिशवी तिच्या ताब्यात दिली आहे आणि ती जबाबदारी ती मनापासून घेते.

वडिलांनी गल्लीतल्या पोरांसाठी पटाची झेरॉक्स मागितली. मी दिली, तीन अटी घालून. मोठ्या माणसानं पटावर खेळाडू म्हणून बसायचं, मास्तर होऊन नाही. ‘चुकलास’ हा शब्द डावात काढायचा नाही. आणि डाव संपला की लगेच उठायचं नाही. कोण का थांबलं, कोण का निघालं, एवढं प्रत्येकाला विचारायचं, आणि आपलंही सांगायचं.