गोव्यात स्वतःचं रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासासाठी देणारं उपकरण) घेऊन डायव्हिंगला जाताना सुटे ओ-रिंग (जोडातून हवा गळू न देणाऱ्या रबरी कड्या) कोणते सोबत ठेवावेत?

सगळ्यात आधी सिलिंडरच्या व्हॉल्व्हच्या तोंडावरची रिंग घ्या. योक व्हॉल्व्हला (ज्यावर रेग्युलेटर शिकंज्यासारखं बाहेरून आवळतात) ती बहुतेक ०१४ नंबरची असते. दर डायव्हला रेग्युलेटर चढतं-उतरतं, त्यामुळे हीच आधी दगा देते. ग्रँड आयलंडपाशी बोटीवर व्हॉल्व्ह उघडला आणि फुस्स आवाज आला, की सुट्या रिंगेशिवाय ती डायव्ह गेलीच म्हणायची. चार-पाच ठेवाच.

नंबराइतकाच कडकपणा महत्त्वाचा. व्हॉल्व्हसाठी ९० ड्युरोमीटरची (हे रबराच्या कडकपणाचं माप) रिंग हवी. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी साधारण ७० ची, म्हणजे मऊ. २०० बारच्या दाबाखाली ती खाचेतून बाहेर ढकलली जाऊ शकते. चार पैसे वाचवायला ती अजिबात घेऊ नका.

रेग्युलेटरच्या होजसाठी (नळ्यांसाठी) लो प्रेशरला ०११, हाय प्रेशरला ०१२ सहसा चालते, पण तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत नंबर नक्की बघा. दोन-दोन पुरेत.

जुनी रिंग सुईने उकरू नका, पितळेवर ओरखडा पडला की नवीही गळते. जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा वापरा. काढलेली रिंग चिमटीत ताणून पाहा: बारीक भेग दिसली किंवा एक बाजू चपटी वाटली, तर फेकून द्या. पावसाळाभर किट पडून असतं, म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या डायव्हआधी ही तपासणी कराच.