साबरमतीचा काठ आडवा बघ

प्रिय दोस्ता,

अहमदाबादचा रिव्हरफ्रंट बघायला निघाला आहेस, तर शनिवारी रात्रीची गुजरात मेल पकड. एलिस ब्रिजजवळचा गुजरी बाजार फक्त रविवारी भरतो. काठ बांधताना तो नव्या जागी बसवला. ती जागा विक्रेत्यांना मानवली का, हे भर बाजारात उभं राहूनच कळतं.

बहुतेक लोक अटल ब्रिज या पादचारी पुलावर फोटो काढतात आणि मग काठाने चालत सुटतात. एकेक काठ ११ किलोमीटरहून लांब आहे, पुढे तेच ते दिसत राहतं. तू आडवा चाल, जुन्या शहराकडून पाण्याकडे. माणेक चौक, १४२४ ची जामा मशीद, तीन दरवाजा, भद्रचा किल्ला, मग एलिस ब्रिजच्या पूर्व टोकाचा माणेक बुरूज. त्यानंतर रिव्हरफ्रंट रोड आडवा येतो, आणि खरा अभ्यास तिथेच आहे. रस्ता कुठून ओलांडता येतो? खाली उतरायला पुढचा जिना किती पावलांवर? रॅम्प कुठे आहे, व्हीलचेअर कुठे अडते? ५ मीटरचा टेप ने, पायरीची उंची आणि रुंदी मोज. शहर, रस्ता, वरचा पदपथ, खालचा पदपथ, पाणी असा एकच सलग छेद, म्हणजे जागा उभी कापल्यासारखं उंची-सखलपणा दाखवणारं चित्र, काढ. तो जागेवरच काढ, घरी येऊन फोटोंवरून काढलास तर उंची हमखास चुकते.

पात्राची रुंदी सरसकट २६३ मीटर केली आणि सुमारे २०० हेक्टर जमीन मिळवली. काठावरच्या हजारो कुटुंबांना त्यासाठी उठावं लागलं, ते छेदात दिसत नाही, म्हणून समासात लिहून ठेव. पाणी मुख्यतः नर्मदा कालव्याचं, वासणा बॅरेजने अडवलेलं. रिक्षाने बॅरेजच्या खालच्या अंगाला नक्की जा. तिथलं सांडपाणी बघितल्याशिवाय वरच्या स्वच्छ पाण्याबद्दल काहीही लिहू नकोस. मुंबईच्या मिठी नदीला भिंती बांधल्या की काम झालं, असं आपल्याकडे अजून मानतात, तेव्हा हे फार उपयोगी पडेल.

सोमवारी आश्रम रोडवरची मिल ओनर्स असोसिएशनची इमारत बघ, परवानगी आधी विचारून घे. वास्तुविशारद ल कॉर्बुझिएने १९५४ साली तिची पूर्व बाजू नदीकडे उघडी ठेवली, कारण समोर वाळूत कापड धुऊन वाळत घालत. त्याच बाजूला उभं राहून आता समोर काय येतं ते रेखाट.

पावसाळ्यात धरोई धरणातून पाणी सोडलं की खालचा पदपथ बंद होतो. मे महिन्यात तिथे सावलीच नसते. डिसेंबरातला रविवार धर. १४ जानेवारीच्या आसपास पतंगांची गर्दी असते, टेप लावायलाही जागा मिळणार नाही.

तुझा,
काका