'हेव्ले शेना': झोपेचे दोर, झोपेचा वाटा की झापड?

प्रश्न असा आहे: ज्यू लोक झोपण्यापूर्वी 'हामापील' नावाचं स्तुतिवचन म्हणतात. त्यात 'हामापील हेव्ले शेना अल एनाय, उतनुमा अल अफअपाय' असे हिब्रू शब्द येतात. 'हेव्ले शेना'चं भाषांतर कुणी 'झोपेचे दोर' करतं, तर कुणी 'झोपेचा वाटा'. मराठीत नेमकं काय म्हणावं?

दोन्ही अर्थ हवेतून आलेले नाहीत. 'शेना' म्हणजे झोप, आणि 'हेव्ले' हे ज्याचं अनेकवचनी रूप, तो 'हेवेल' म्हणजे दोर. जमीन दोरानं मोजून वाटत, म्हणून दोरानं मोजलेला तुकडा, वाटणीला आलेला हिस्सा, तोही 'हेवेल'च. शिवाय 'हामापील' म्हणजे 'पाडणारा', 'नाफल' (पडणं) या क्रियापदाचं प्रयोजक रूप. बायबलातल्या स्तोत्रसंहितेच्या 16 व्या स्तोत्रात माझे 'हवालीम' (हेही 'हेवेल'चंच अनेकवचन) रम्य जागी 'पडले' असं म्हटलंय, म्हणजे वाट्याला चांगली जमीन आली. तिथेही हेच क्रियापद आहे. त्यामुळे 'माझ्या डोळ्यांच्या वाट्याला झोप घालणारा' हा अर्थ ओढूनताणून आणलेला नाही, हे मान्य करायलाच हवं.

तरी मी दोराच्याच बाजूनं आहे. 18 व्या स्तोत्रात 'हेव्ले मावेत' म्हणजे मृत्यूचे पाश येतात, आणि 'हेव्ले शेना' अगदी त्याच घडणीचं आहे. झोप म्हणजे मृत्यूचा साठावा भाग, असं तालमूद हा ज्यूंचा प्राचीन धर्मग्रंथ सांगतो. पण मला खरं पटवणारा पुरावा सकाळचा आहे. तालमुदातल्या 'बराखोत' या ग्रंथात, 60 व्या पानाच्या मागच्या बाजूला, रात्रीचं हे वचन दिलंय आणि त्याच पानावर सकाळी तोंड धुताना म्हणायचं वचनही दिलंय: 'हामाअवीर हेव्ले शेना मेएनाय', डोळ्यांवरून हेव्ले शेना दूर करणारा. शब्द तेच, फक्त क्रिया उलटी. वाटा एकदा पदरात पडला की सकाळी तो कुणी काढून घेत नाही. बांधलेलं मात्र सोडतात. रात्री बांधायचं आणि सकाळी सोडायचं, ही जोडी दोर धरला तरच जुळते.

पण मराठीत 'झोपेचे दोर' म्हटलं की बाज विणायला घेतल्यासारखं वाटतं. 'पाश' म्हटलं की यमाचा फास आठवतो. तो अर्थाला जवळचा असला तरी झोपायच्या वेळी तोंडात जड वाटतो. म्हणून 'हेव्ले'साठी मी 'बंध' घेईन.

आता दुसरा अर्धा भाग, आणि माझा जीव याच्यात जास्त आहे. 'तनुमा' म्हणजे 'शेना'हून हलकी झोप. कोश उघडला की पेंग, डुलकी, गुंगी हे शब्द समोर येतात. पण पेंग आणि डुलकी मानेच्या असतात. पेंगणाऱ्या माणसाची हनुवटी छातीला टेकते आणि तो दचकून मान वर करतो. गुंगी डोक्यात असते. मूळ वाक्यात तनुमा 'अफअपाय'वर, म्हणजे पापण्यांवर उतरते. पापण्यांवर येणारी झोप मराठीत एकच आहे: झापड. 'डोळ्यांवर झापड आली' असं आपण रोज म्हणतो.

आणि झापड ही बांधायची वस्तूही आहे. घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांना झापड बांधतात, काम संपलं की सोडतात. म्हणजे पहिल्या ओळीतला दोर दुसऱ्या ओळीत आपल्या शब्दाच्या पोटातून आपोआप येतो. मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्राएलांच्या बाबतीत तर हा शब्द अगदी घरचा. अलिबागेकडच्या गावांत त्यांचा धंदा तेल गाळण्याचा, आणि शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, त्यांचा घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. हिब्रू फारसं उरलं नव्हतं त्या काळातही त्यांनी 'शेमा', म्हणजे ज्यूंची मुख्य प्रार्थना, जपला अशी त्यांची परंपरा सांगते. आणि 'हामापील' म्हणतात तो या शेमाच्याच जोडीला. त्यांच्यापैकी कुणी 'झापड' शब्द योजला होता असा माझा दावा नाही. त्यांच्या अंगणातली वस्तू या वाक्यात चपखल बसते, एवढंच म्हणतो.

'झापडबंद' शब्दामुळे झापडीला संकुचितपणाचा वास येतो, हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण तो वास 'बंद' जोडल्यावर येतो. नुसती झापड निर्दोष आहे. तेव्हा माझं भाषांतर असं: 'माझ्या डोळ्यांवर झोपेचे बंध आणि पापण्यांवर झापड उतरवणारा.' 'पाडणारा' शब्दशः बरोबर आहे, पण मराठीत झोप डोळ्यांवर उतरते, ती कुणी पाडत नाही.

जाता जाता दोन गोष्टी. 'शेमा' हा 'ऐक' या अर्थाचा हिब्रू शब्द, म्हणून 'शमा' लिहू नका. वाचणाऱ्याला मेणबत्तीची ज्योत दिसेल. आणि 'तनुमा'चं भाषांतर सगळीकडे झापड करू नका. झोपतानाच्या याच प्रार्थनांत अनेक जण 121 व्या स्तोत्रातली ओळ तीनदा म्हणतात: 'हिन्ने लो यानूम वलो यिशान', इस्राएलाचा राखणदार पेंगत नाही आणि झोपतही नाही. 'यानूम'चा धातू 'तनुमा'चाच आहे, पण इथे पापण्यांचा उल्लेख नाही, चित्र आहे ते पहाऱ्यावर असलेल्याचं. पहारेकऱ्याला डुलकीच लागते, म्हणून तिथे डुलकीच हवी: 'राखणदार डुलकीही घेत नाही.'