पहिलं रॉक प्रेमगीत काढतोयस? आधी एवढं सांभाळ

तुझा डेमो दोनदा ऐकला. चाल छान बसली आहे, हे गाणं अर्धवट सोडू नकोस.

आधी शब्द. 'तुझ्याविना जगणं व्यर्थ' हे कुणीही कुणासाठीही लिहितं. पण दुसऱ्या कडव्यात ती हेल्मेट हातात घेऊन जिन्यात थांबते ना, ती ओळ खरी आहे. गाणं तिथूनच सुरू कर.

मग चढउतार. कडवं दबकं, ध्रुवपद दणदणीत, ही पिक्सीज या अमेरिकन रॉक बँडने १९८० च्या दशकात रुळवलेली रीत आजही चालते. तू पहिल्या सेकंदापासून डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम फाटका, खरखरीत केलेला आवाज) लावलंस, त्यामुळे ध्रुवपदाला चढायला जागाच उरली नाही.

रेकॉर्डिंग करताना:
- गेन (डिस्टॉर्शन किती, ते ठरवणारं बटण) वाटतो त्याच्या निम्मा ठेव. गिटार भरदार हवी तर तोच भाग पुन्हा वाजव. एक टेक, म्हणजे एकदा वाजवलेलं रेकॉर्डिंग, डाव्या स्पीकरला, दुसरा उजव्या. कॉपी-पेस्टने ते साधत नाही.
- क्लिकवर, म्हणजे कानात ताल देणाऱ्या टिकटिकीवर, वाजव.
- गाताना मीटर लाल होऊ देऊ नकोस. फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

मिक्स झाला, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवून झाले, की लगेच अपलोड नको. मी पहिलं गाणं रात्री दोनला तसंच सोडलं. सकाळी फोनवर लावलं तर बेस गायब! रिलीजची तारीख तीन-चार आठवडे पुढची धर. स्पॉटिफायवर त्याच्या किमान ७ दिवस आधी पिच केलंस (त्यांच्या प्लेलिस्टवाल्यांना गाणं सुचवलंस) तर गाणं फॉलोअर्सच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये येतं. आणि बँडमध्ये कुणाचा किती वाटा, ते आत्ताच लिहून सह्या घ्या. यावरून मैत्री तुटताना पाहिली आहे.

मास्टरिंगचं, म्हणजे मिक्सवर शेवटचा हात फिरवायचं, नंतर बघू. नवा मिक्स झाला की पाठव, नक्की ऐकतो.