फोटोची पाठ आधी बघा

जुन्या फोटोंविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं दिली आहेत. सारख्या शंका एकत्र केल्या आहेत.

आजोबांच्या पेटीत दीड-दोनशे फोटो निघाले. लग्नाचे, शाळेचे, यात्रेचे, काही नुसते चेहरे. एकावरही नाव नाही. सुरुवात कुठून करू? (अंबाजोगाई)

आधी काहीच लावू नका. कोणता फोटो कोणत्या पाकिटात, कोणाच्या शेजारी होता हीसुद्धा माहितीच असते. लग्नाचे इकडे, यात्रेचे तिकडे असे ढीग केले की ती गेली. जसे निघतील तसे १ पासून आकडे टाका. फोटो स्वच्छ काचेवर पालथा ठेवून पाठीच्या कोपऱ्यात ४बीसारख्या मऊ पेन्सिलीने, दाब न देता. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई कालांतराने आरपार येते. सत्तरच्या दशकानंतरच्या बऱ्याच फोटोंच्या कागदावर प्लास्टिकचा थर असतो, त्यावर पेन्सिल उठत नाही. तिथे आकडा पाकिटावर लिहा.

मग मोबाइलवर प्रत्येक फोटोच्या दोन्ही बाजू घ्या. बहुतेक जण पाठ सोडून देतात. स्टुडिओचा शिक्का, कागदाचं नाव, कुणीतरी घाईत लिहिलेला आकडा, सगळं तिथंच असतं.

एका ग्रुप फोटोच्या मागे उर्दूत दोन ओळी आणि ‘१३५२’ असा आकडा आहे, असं उर्दू जाणणाऱ्या शेजाऱ्यांनी सांगितलं. हे कोणतं साल? (परभणी)

बहुधा फसली साल. निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज उर्दूत आणि फसली सालात चालायचं, त्यामुळे १९४८ आधीच्या शाळेच्या, कचेरीच्या, पोलीस पाटलांच्या फोटोंवर हे साल सर्रास सापडतं. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचं. तेव्हा ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० मिळवा, जानेवारी ते सप्टेंबरसाठी ५९१. म्हणजे १३५२ फसली हे ऑक्टोबर १९४२ ते सप्टेंबर १९४३. महिना लिहिला असेल तर आणखी जवळ जाता येतं: आजूर म्हणजे साधारण ऑक्टोबर, फरवर्दी फेब्रुवारी, तीर मे, अमरदाद जून.

पण एवढ्यावर थांबू नका. तोच आकडा हिजरी असेल तर १३५२ म्हणजे १९३३-३४, तब्बल नऊ वर्षांचा फरक. आकड्यानंतर ‘फे’ हे अक्षर असेल तर फसली, ‘हे’ असेल तर हिजरी. शेजाऱ्यांना तेवढं अक्षर पुन्हा बघायला सांगा. काहीच नसेल तर फोटोतल्या माणसांच्या वयावर ताडून बघा. आणि लग्नाच्या फोटोवर देवनागरीत १८६५ वगैरे दिसलं तर ते शके असतं. त्यात ७८ मिळवा, १९४३ येतं. (चैत्राआधीचे दोन-तीन महिने असतील तर ७९.)

आकडे स्वतः वाचायचे असतील तर: उर्दूत मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, पण आकडा डावीकडून उजवीकडेच वाचायचा. शून्य म्हणजे नुसता ठिपका, त्यामुळे तो शाईचा डाग समजून सुटतो. पाच पिंपळपानासारखा दिसतो. दोन आणि तीनमध्ये सगळ्यात जास्त गफलत होते: दोनच्या डोक्याला एक खाच, तीनला दोन. भिंग घेऊन बघा.

तारीखच नाही, तर काळ ओळखायचा कसा? (लातूर)

शिक्क्यातल्या जिल्ह्यावरून. मराठवाड्यात ही खूण फार उपयोगी पडते, कारण इथले जिल्हे वारंवार फुटले. ‘लातूर, जि. उस्मानाबाद’ असा शिक्का ऑगस्ट १९८२ आधीचा. ‘जालना, जि. औरंगाबाद’ किंवा ‘परतूर, जि. परभणी’ असेल तर १ मे १९८१ आधीचा. ‘हिंगोली, जि. परभणी’ १ मे १९९९ पर्यंत. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, म्हणून ‘उदगीर, जि. बीदर’ दिसलं तर फोटो त्याआधीचा धरा. एक सावधगिरी: काटकसरी स्टुडिओवाले जुना रबरी शिक्का झिजेपर्यंत वापरत. दोन-चार वर्षं इकडे-तिकडे सोडा.

नंतर फोटोच्या आत बघा. स्कूटरच्या पाटीवर एमएच-२० किंवा एमएच-२६ असेल तर १९८९च्या मध्यानंतरचा; त्याआधी तीन अक्षरांच्या पाट्या होत्या. पदवीदानाच्या फोटोत मागे नुसतं ‘मराठवाडा विद्यापीठ’ असेल तर ऑगस्ट १९५८ ते जानेवारी १९९४ या दरम्यानचा. नामविस्तार १४ जानेवारी १९९४चा आहे. पैठणला धरणाची भिंत पूर्ण दिसते की नाही हेही बघा: पायाभरणी ऑक्टोबर १९६५, उद्घाटन फेब्रुवारी १९७६.

कागदावरूनही कळतं. पाठीवर ‘इंदू’ छापलेलं असेल तर तो उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कागद, आणि तिथलं उत्पादन १९६७ला सुरू झालं. पण कागदाचं वय म्हणजे प्रिंटचं वय, फोटोचं नव्हे. इथे भलेभले फसतात. आजीचा लग्नातला चेहरा नव्या कागदावर असतो, कारण मधे कुणीतरी फोटोवरून फोटो काढून घेतलेला असतो. ओळखायची खूण सोपी: फोटोत घडीची रेघ दिसते, पण बोट फिरवलं तर लागत नाही. रेघ मूळ फोटोतली, हा तिचा फोटो. अशा वेळी मूळ प्रत कुणाकडे आहे याचा शोध भावकीत घ्यावा. तसंच कुटुंबाच्या फोटोत एकाच माणसाच्या चेहऱ्यावर उजेड उलट्या बाजूने पडला असेल, कडा कापल्यासारखी असेल, तर वारलेल्या माणसाचा फोटो नंतर जोडलेला असू शकतो. ही पद्धत सर्रास होती. त्या दिवशी तो माणूस तिथे होता असं लिहून मोकळे होऊ नका.

तसबिरीतला फोटो काचेला चिकटला आहे. दुकानदार म्हणतो, पाण्यात बुडवून काढून देतो. द्यावा का? (बीड)

आधी कॉपी, मग बाकीचं. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. पावसाळ्यात भिंतीतून ओल आली की तो फुगतो, चिकट होतो आणि काचेला बसतो. उन्हाळ्यात तसाच वाळून पक्का होतो. चिकटलेला भाग काचेतून ओलसर, गडद दिसतो. ओढलात तर चेहरा काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो.

मागचे खिळे काढून काच आणि फोटो एकत्रच बाहेर घ्या. बाहेरची काच किंचित ओल्या फडक्याने पुसा, काच खाली करून स्कॅनरवर ठेवा, ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. मधे दोन-तीन मिलिमीटरची काच आली की पातळ, हलक्या स्कॅनरांवर चित्र धूसर येतं. जाड बॉडीचा जुना स्कॅनर अशा वेळी चांगला. पाण्याचा प्रयोग फक्त कृष्णधवल फोटोवर, तोही जाणत्या हाताने. हाताने रंगवलेला, पुठ्ठ्यावर डकवलेला किंवा बुरशी आलेला फोटो पाण्यात घालू देऊ नका. रंग आणि बुरशी लागलेलं जिलेटिन दोन्ही वाहून जातं. मन धजत नसेल तर काचेसकट ठेवा, काही बिघडत नाही.

नवी तसबीर करताना काच आणि फोटोच्या मधे पुठ्ठ्याची चौकट घालायला सांगा, आणि तसबिरीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंतीपासून हवा खेळते.

आमचं गाव भूकंपानंतर नव्या जागी वसलं. ढिगाऱ्यातून निघालेले अकरा फोटो आहेत. एकाच माणसाचं आत्या एक नाव सांगते, काका दुसरं. कुणाचं खरं धरायचं? (उमरगा)

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेआधीची गल्ली आता बघायला मिळत नाही, म्हणून तुमच्या फोटोंत माणसांइतकीच मागची भिंत मोलाची आहे. विचारताना ‘हा कोण?’ने सुरुवात करू नका. त्याने म्हातारं माणूस परीक्षेला बसल्यासारखं होतं आणि नाव आठवलं नाही की गप्प होतं. ‘हे दार कुणाचं?’ असं विचारा. दार ओळखलं की शेजारचा ओटा, पलीकडचा आड, वरचं माळवद असं एकेक निघत जातं आणि नावं आपोआप येतात. आधी आत्यांना कोऱ्या कागदावर जुन्या गल्लीचा नकाशा काढायला लावा. काकांना वेगळा काढू द्या, दोघांना एकत्र बसवू नका. मोठ्या आवाजाचं माणूस जिंकतं.

फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून डोक्यांचे गोल वेगळ्या कागदावर उतरवा (पेन्सिल दाबू नका), पुढच्या रांगेपासून, डावीकडून आकडे द्या. मग वहीत: ‘फोटो ७, माणूस ४: आत्यांच्या मते थोरले चुलते, काकांच्या मते गावचे शिक्षक. विचारल्याची तारीख.’ दोन्ही नावं राहू द्या. पुढे पक्कं, बहुतेक, अंदाज यांपैकी एक शब्द लिहा.

फोटोंवर अजून माती असेल तर फडक्याने पुसू नका. मातीतले बारीक खडे जिलेटिनवर ओरखडे काढतात. कोरड्या, मऊ ब्रशने मधून कडेकडे झटका.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो निघत नाहीत. (जालना)

दात साफ करायचा मेण नसलेला फ्लॉसचा दोरा फोटोमागून करवतीसारखा हलकेच ओढा. अडला तर पान कापून फोटो पानासकट ठेवा. गोंद पिवळा पडलेला अल्बम वापरात ठेवू नका.

स्कॅन केलेले फोटो व्हॉट्सॲपवर सगळ्या नातेवाइकांना पाठवले, तेवढं पुरे ना? (नांदेड)

नाही. तिथे चित्र म्हणून पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो. ४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयवर २४०० बाय ३६०० ठिपक्यांचा होतो, टिफ (न दाबलेल्या) फाइलमध्ये साधारण २५ एमबी. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मूळ फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरात. फाइलच्या नावात पेटीतला आकडा आणि बाजू ठेवा: ‘०४७-पुढे’, ‘०४७-पाठ’. माणसांची नावं वहीत, फाइलच्या नावात नको. उद्या काकांचं म्हणणं बरोबर निघालं तर वहीतली एक ओळ बदलायची, सगळ्या प्रती नाही.