राजा धर्मग्रंथाने बांधलेला होता, की ग्रंथाचा अर्थ राजाच ठरवीत असे?

आपला प्रश्न असा आहे की, पूर्वीच्या राजांवर धर्मग्रंथांचा खरोखर अंकुश होता, की राजाला सोयीचा तोच अर्थ ग्रंथांतून काढला जाई. आणि आजच्या न्यायालयांचा या ग्रंथांशी काही संबंध उरला आहे का. मी ठाण्यात दिवाणी वकिली करतो आणि माझे बरेचसे काम वारसाहक्काच्या दाव्यांचे असते, त्यामुळे उत्तरही त्याच अंगाने देतो. ग्रंथाचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाकडे होता, त्याचा योगक्षेम कोण चालवीत होते आणि त्याने दिलेला निर्णय अमलात कोण आणीत होते, हे तपासले की आपल्या प्रश्नाचा बराचसा गुंता सुटतो.

ग्रंथांतून एकच उत्तर मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. याज्ञवल्क्यस्मृती म्हणते की अर्थशास्त्रापेक्षा धर्मशास्त्र बलवान. म्हणजे राजनीतीच्या वर धर्म. नारदस्मृती मात्र धर्म, व्यवहार (साक्षीपुराव्याने चालणारा दावा), चरित्र (रूढी) आणि राजशासन हे निवाड्याचे चार पाय सांगते आणि त्यांतला पुढचा मागच्याला बाधतो, म्हणजे राजाज्ञा सर्वांवर मात करते, असे म्हणते. त्यातही याज्ञवल्क्याचेच आणखी एक वचन आहे की, धर्माला धरून असले तरी लोकांना जे अप्रिय झाले आहे ते आचरू नये. ही तिन्ही वचने हाताशी असलेल्या पंडिताला कोणत्याही पक्षाची बाजू मांडणे अवघड नव्हते. वकील म्हणून मला त्यात नवल वाटत नाही.

ठाणेकरांनी अभिमानाने सांगावे, पण क्वचितच कोणी सांगते, असे एक उदाहरण आपल्या गावातच आहे. उत्तर कोकणचे शिलाहार राजे ठाण्याहून, म्हणजे त्या काळच्या श्रीस्थानकाहून, राज्य करीत. त्यांच्यातील बाराव्या शतकातला राजा अपरादित्य याच्या नावावर याज्ञवल्क्यस्मृतीवरची एक मोठी टीका, म्हणजे भाष्य, आहे. ती ‘अपरार्क’ म्हणून ओळखली जाते, पुण्याच्या आनंदाश्रमाने ती छापली आहे, आणि दूर काश्मीरच्या पंडितांमध्येही ती प्रमाण मानली गेली. लेखनाचा भार दरबारच्या पंडितांनी उचलला असेल असा तर्क करता येतो. पण राजाला ती टीका स्वतःच्या नावावर असावीशी वाटली, हेच महत्त्वाचे. दंड हाती असलेल्या माणसालाही भाष्यकाराची प्रतिष्ठा हवी होती.

याच घराण्याचा राजा अरिकेसरी याचा शके ९३९ चा, म्हणजे इ. स. १०१७ चा ताम्रपट अठराव्या शतकाच्या अखेरीस ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम करताना सापडला. (या किल्ल्यात आता कारागृह आहे.) त्या काळच्या दानपत्रांचा शेवट वाचण्यासारखा असतो. आपण दिलेली किंवा दुसऱ्याने दिलेली जमीन जो हिरावून घेईल तो साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होईल, असे शापवचन त्यांत पुन्हा पुन्हा येते. राजाची आज्ञा तो जिवंत असेपर्यंत चाले; पुढच्या राजाने ती मोडू नये यासाठी मात्र सैन्याचा उपयोग नव्हता आणि स्मृतीतल्या श्लोकाचाच आधार घ्यावा लागे. सत्तेला धर्मवचनाची गरज नेमकी कुठे पडते, ते इथे उघड दिसते.

शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक आपल्याला ठाऊकच आहे. किल्ले, फौज, महसूल सारे हाती असूनही ६ जून १६७४ च्या अभिषेकाआधी महाराजांची मुंज व्हावी लागली आणि त्यासाठी काशीहून गागाभट्ट आले. इथे राजाला शास्त्र हवे होते आणि ते सांगणारा पंडित मिळाला. कोल्हापुरात वेदोक्ताच्या वादात, म्हणजे छत्रपतींचे विधी वेदमंत्रांनी करायचे की पुराणमंत्रांनी या वादात, पंडित अडून बसले, तेव्हा शाहू महाराजांनी १९०२ मध्ये राजोपाध्यांची, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांची, वतने जप्त केली आणि पुढे १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरूंचे स्वतंत्र पीठच उभे केले. योगक्षेमाचा मुद्दा मी आरंभी का मांडला, ते यावरून लक्षात येईल.

गागाभट्टांच्याच भट्ट घराण्यात, मूळ पैठणच्या पण काशीत स्थायिक झालेल्या, नीलकंठ भट्ट झाले. त्यांचा ‘व्यवहारमयूख’ हा ग्रंथ आमच्या कामाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. निपुत्रिक माणसाच्या संपत्तीचे वारस सांगताना याज्ञवल्क्याने ‘गोत्रज’ असा शब्द वापरला आहे. लग्न झालेली बहीण दुसऱ्या गोत्रात जाते, म्हणून तिला यात जागा नाही, असे इतरत्र मानले गेले. नीलकंठांचे म्हणणे असे की, ती भावाच्या गोत्रात जन्मली एवढे गोत्रज ठरायला पुरेसे आहे. पुढे गोत्र बदलले म्हणून जन्म बदलत नाही. परिणामी गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण, म्हणजे आपले ठाणेसुद्धा, या भागांत बहिणीला आजीच्या लगेच नंतर वारसा मिळे, तर मिताक्षरा हे याज्ञवल्क्यस्मृतीवरचे दुसरे भाष्य मानणाऱ्या इतर बहुतेक प्रांतांत तिला १९२९ चा कायदा होईपर्यंत वाट पाहावी लागली. श्लोक तोच, स्मृती तीच. तरी एका बहिणीला घर मिळाले आणि दुसरीला मिळाले नाही.

हे भाष्य ठाण्यात बंधनकारक झाले ते मात्र इंग्रजांमुळे. वॉरन हेस्टिंग्सने १७७२ मध्ये बंगालमध्ये हिंदूंचे वारसा-विवाहाचे दावे शास्त्राप्रमाणे आणि मुसलमानांचे कुराणाप्रमाणे चालवायचे ठरवले. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या नियमांनी शास्त्राआधी देशरिवाजाला स्थान दिले. माझ्या मते हा अधिक शहाणपणाचा मार्ग होता. न्यायालयाला शास्त्रार्थ सांगण्यासाठी पंडित नेमलेले असत. १८६४ मध्ये त्यांचे पदच रद्द झाले आणि भाषांतरे व जुने निकाल वाचून न्यायाधीशच शास्त्र सांगू लागले. पूर्वी नवा पंडित नवे भाष्य लिहू शकत होता. आता मात्र एकदा दिलेला निकाल पुढच्या सर्वांना बांधू लागला, आणि ज्याला लोक ‘सनातन’ शास्त्र समजतात त्याचा पुष्कळसा भाग या छापील निकालपत्रांत घट्ट झालेला आहे.

आता आजच्या न्यायालयांविषयी. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ याच्या कलम ४ ने, त्या कायद्यात ज्या बाबींची तरतूद आहे त्यांपुरते हिंदू कायद्याचे वचन, नियम, अर्थ आणि रूढी यांचा अंमल संपवला. वारसाच्या दाव्यात म्हणूनच मला आता मयूख उघडावा लागत नाही. पण धर्मस्वातंत्र्याच्या प्रश्नात १९५४ च्या शिरूर मठ प्रकरणापासून एखादी प्रथा धर्माचे अत्यावश्यक अंग आहे का, हे न्यायालय तपासते, आणि त्यासाठी न्यायाधीशांना पुन्हा ग्रंथ व परंपरा यांत शिरावेच लागते. पंडिताच्या आसनावर आता ते बसले आहेत, असे मी म्हणेन. हे केवळ हिंदूंपुरते नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये कायदा करून धर्मगुरूंचा बहिष्काराचा अधिकार काढून घेतला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या सय्यदनांनी, म्हणजे त्यांच्या सर्वोच्च धर्मगुरूंनी, त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, बहिष्काराचा हा अधिकार त्यांच्या धर्माचे अंग मानून, बहुमताने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा संमत केला, आणि १९६२ च्या त्या निकालाचा फेरविचार २०२३ मध्ये घटनापीठाने नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला.