आधी तिच्या बोलीत विचार

प्रिय पोरी,

गुरुवारी फोनवर म्हणालीस, "मावशी, वॉर्डात तोंडातून अहिराणी निसटली की मुली हसतात, म्हणून आता गुजरातीच बोलते." मी नुसतं "बघू" म्हणून फोन ठेवला. झोप मात्र लागली नाही.

गुजराती तुला येईलच, बडोद्यात भाजीवालाही शिकवतो. पण आपल्याकडचा पेशंट आला की त्याला त्याच्या बोलीत विचार. नर्सिंगच्या (जीएनएम) दुसऱ्या वर्षाला असलीस म्हणून काय झालं? आत्तापासून विचार.

माझी नोकरी नवी होती तेव्हाची गोष्ट. इस्पितळाचं नाव नको. रात्रपाळीला साक्रीकडची एक बाई आली, बांधकामावरची. हातपाय धरून ओरडत होती. डॉक्टरांना सोंग वाटलं, केसपेपरवर "अंगदुखी" चढलं. लहानपणापासून असंच होतं, भावालाही व्हायचं, हे ती अहिराणीत सांगत होती. माझं माहेर धुळ्याचं, मला शब्द न् शब्द कळत होता. आणि मी तिला गुजरातीत "शांति राखो, बेन" म्हणत राहिले! स्टाफमध्ये खानदेशी म्हणून ओळख नको होती. नोकरी कच्ची होती, घरी दोन लेकरं, हेही खरंच. सोपं नव्हतं गं. सिकलसेलची तपासणी झाली ती तिसऱ्या दिवशी.

या आजारात रक्तातल्या कोयत्यासारख्या वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, अंगातलं पाणी कमी झालं की जास्तच, हे तुला पाठ आहे. पण उन्हात विटा वाहणाऱ्या बाईला ते पुस्तकी गुजरातीत सांगून काय उपयोग? १ जुलै २०२३ ला सरकारची सिकलसेल मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंत आजार संपवायचा म्हणतात. छान. तपासणीचा कागद हातात पडतो. पण वाहक म्हणजे आजारी नव्हे, दोष नुसता अंगात असतो, मात्र नवराबायको दोघंही वाहक असले तर दर बाळंतपणात बाळाला आजार होण्याचा चारात एक धोका, हे तुझ्या वस्तीतल्या सासूला कोण समजावणार? हसणाऱ्या मुली? तिच्या बोलीत सांग, बाई. किती वेळा तेच म्हणू?

आणि लाज कसली? ज्यांच्या नावाच्या दवाखान्यासमोरून तू रोज जातेस, ते बडोद्याचे महाराज सयाजीराव मालेगावजवळच्या कवळाण्याचे. १८७५ साली बाराव्या वर्षी दत्तक आले तेव्हा त्यांना लिहिता-वाचताही येत नव्हतं. त्यांच्या बोलीलाही वाड्यात कुणी हसलं असेलच. असो, माझा राग तुझ्यावर नाही.

शनिवारी ड्यूटी सुटली की डांडिया बाजारात घरी ये. कळण्याची भाकरी करते. वही आण, मधोमध रेघ मारून. एका बाजूला केसपेपरवरचा शब्द, दुसऱ्या बाजूला पेशंट स्वतः जे बोलला ते, जसंच्या तसं. पहिली ओळ मी सांगते. डावीकडे "अंगदुखी". उजवीकडे, "हाडकं फुटी राहिनात, माय."

तुझी,
मावशी